सत्यजितची पँट, अरुंधतीचं माप

२९ एप्रिल, मंगळवार

कापणार नाही! स्पष्ट सांगितलं तिला. दुमडून देईन, टाचून देईन, पण कात्री लावणार नाही.

संध्याकाळी अरुंधतीने केलरमधून — इथल्या इमारतींच्या तळघरात प्रत्येकाची एक जाळीची खोली असते — एक खोकं वर आणलं. त्यातून सत्यजितची मोटरसायकलवर घालायची पँट काढली. काळी, जाड, हातात घेतली तर ताडपत्री वाटावी. आत पाणी अडवणारं पातळ अस्तर. गुडघ्यांशी खिसे, आणि त्यांत कासवाच्या पाठीसारख्या कडक ढाली.

"बाबा, तुम्हाला शिवण येतं ना? एवढी माझ्या मापाची करून द्याल?"

म्हटलं, ही सत्यजितची आहे.

"होती," म्हणाली. आणि कुकर लावायला गेली.

होती! माणूस ड्युसेलडॉर्फला गेलाय, स्वर्गाला नाही.

३० एप्रिल

झोप नीट नाही. हॅनोव्हरला आलो तो तीन महिन्यांसाठी. नातीला मांडीवर घेऊन चार कविता शिकवीन, मुलाशी गप्पा मारीन, एवढंच मनात. दुसऱ्याच आठवड्यात चिरंजीव बॅग भरून निघाले. "प्रोजेक्ट आहे, बाबा." मी वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या! गाडी घेऊन गेला तेव्हाही कळलं नाही मला. मग फोनवर — "बाबा, आम्ही वेगळे राहतोय." समोर बसून सांगायची छाती झाली नाही. कंपनीतलीच कुणीतरी आहे. नाव विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मला घेऊन जा म्हटलं. तर "इथे एकच खोली आहे, बाबा."

म्हणजे मुलगा तिकडे, आणि बाप सुनेच्या दारात. ती जा म्हणाली असती तर विमान पकडलं असतं. म्हणाली नाही. उलट दुसऱ्या दिवशी माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्यात का ते विचारलं. हे जास्त लागलं.

१ मे

सुट्टी. विचारलंच — नवीन पँट का घेत नाहीस?

"अहो बाबा, इथल्या बायकांचे पाय पाहिलेत का तुम्ही? खांबासारखे! त्यांच्या मापाची घेतली तर माझ्या पायांत घोळ होतो. आखूड घेतली तर कमरेत शिरत नाही. कुठलीही आणली तरी उसवायचीच आहे. मग घरात आहे ती काय वाईट?"

मी म्हटलं, मोटरसायकलच कशाला पण?

"गाडी तुमचा मुलगा घेऊन गेला म्हणून."

तुमचा मुलगा! आठ दिवसांपूर्वीपर्यंत 'हा' होता.

तिचं ऑफिस ट्राम संपते त्याच्याही पुढे. बस कधी असते, कधी नसते. मोटरसायकल दोघांनी हौसेने घेतली, लायसनही जोडीने काढलं. जोडीने फिरू म्हणून. आता ती लहान मोटरसायकल खाली अंगणात ताडपत्रीखाली उभी असते, आणि ही रोज एकटी तिच्यावर बसून जाते. लोकांच्या घरात नवरा गेला की बाई देवापुढे बसते. आमच्याकडे फटफटीवर.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं. राहू दे.

३ मे, शनिवार

माप.

आता सुनेच्या कमरेला टेप मी कसा लावणार? तिची सासू, मनोरमा, असती तर प्रश्न नव्हता. ती गेली आणि मला अशा ठिकाणी आणून ठेवलं की विचारायची सोय नाही. म्हटलं, तुझी एक बसणारी सलवार दे, तिच्यावरून घेतो.

ती इतकी हसली! महिन्याभरात पहिल्यांदा. "सलवारीवरून मोटरसायकलची पँट? बाबा, त्यात मी आणि अन्वी दोघी मावू!" मग ऑफिसची एक विजार काढून दिली. जेवणाच्या टेबलावर पसरली आणि दोन्ही पायांचं माप घेतलं. आपल्या डोळ्यांनी, आपल्या टेपने. कराडहून निघताना मनोरमाचा शिवणाचा डबा बॅगेत टाकला होता, का ते माहीत नाही. टेप, जाड सुया, अंगुस्तान — सगळं त्यात. झाकणावर तिच्या बोटांचा तेलकट डाग अजून तसाच.

अन्वीने तिचा मेणखडू दिला. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आईने अर्थ सांगितला — "आजोबा, हा पुसला जात नाही हं, आधीच सांगते." नऊ वर्षांची आहे आणि बजावते कशी!

अस्तराच्या बाजूने रेघ मारली. नेमकी जिथे कापायला हवं तिथे. रेघ मारायला काय जातं?

६ मे

कमरेला मागून दोन चुण्या घेतल्या. पाय आत दुमडले. सबंध वीत आत गेली. सुई दोनदा मोडली. हे कापड नव्हे, म्हशीचं कातडं!

हात चालत होते आणि मन कराडला. शाळेच्या ऑफिसात माझं टेबल भिंतीला लागून. पलीकडे आठवीचा वर्ग. तिसऱ्या तासाला कविता. मुलं एका सुरात म्हणायची आणि मी इकडे दाखल्यांवर शिक्के मारायचो, वृत्तात! भुजंगप्रयात असेल तर शिक्का कसा ठेक्यात पडे. कविता शिकलो ती मी भिंतीतून. वर्गात असताना नाही.

आणि घरी मनोरमाची मशीन. काजं, बटणं, दुमडी हे खातं माझं. सत्यजितची खाकी हाफपँट दर जूनला मीच उसवायचो. शिवतानाच चार बोटं कापड आत ठेवायचं. कापायचं कधीच नाही. पोरगं वाढतं. शाळा सुरू व्हायच्या आधी एक दुमड सोडायची, जुन्या दुमडीच्या जागी गडद रेघ उरायची. तिसऱ्या वर्षी पँटीवर दोन रेघा. त्या रेघांवरून सांगता यायचं, पोरगं कुठल्या साली कुठवर होतं.

आत ठेवलेलं कापड परत बाहेर काढता येतं. कापलेलं नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. अरुंधतीला सांगितलं नाही. तिला कळलं असावं.

एक ओळ सुचली दुमडताना — 'कुणाची कुणी वाट पाहून थांबे'. वृत्तात बसली! दुसरी सुचेना. यमकं — लांबे, खांबे, आंबे. आंबे! हॅनोव्हरला मे महिन्यात!

९ मे, शुक्रवार

पाऊस झाला आणि माझी अब्रू गेली.

संध्याकाळी दारात उभी, पँटीच्या दोन्ही पायांतून पाणी ठिबकतंय. दुमडीची झोळी झाली होती. पावसाचं पाणी तिच्यात साठलं, मोज्यांत उतरलं. कमरेला चुण्यांशी जिथे जिथे माझी सुई अस्तरातून गेली, तिथे तिथे पाणी आत. पाणी अडवणाऱ्या कापडाला मीच भोकं पाडून ठेवली!

शिवाय पँट वर चढली. "उभी राहिले की बरोबर, बाबा. बसले की ढाली मांडीवर येतात. गुडघे उघडेच." टेबलावर पसरलेल्या विजारीला गुडघे वाकवता येत नाहीत. ते माझ्या लक्षात आलं नाही.

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

११ मे, रविवार

आज अंगणात तमाशा.

अरुंधती म्हणाली, "आल्झो बाबा," — म्हणजे 'तर मग' — "आता एकच उपाय. मी मोटरसायकलवर बसते आणि तुम्ही टेप लावा. मी सून आहे, सोवळ्यातली नाही."

म्हटलं, ते जमायचं नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. ती पँट घालून मोटरसायकलवर बसली, अन्वीने टेप लावला, आणि मी चार हात लांब सायकलींच्या खोपटाशी पाठ करून उभा! अन्वी आकडे ओरडते जर्मनमध्ये. "झिबनउंटनॉइनत्सिश!" मी अरुंधतीला विचारतो, म्हणजे किती? ती मोटरसायकलवरून ओरडते, "सत्त्याण्णव!" बघितलं तर यांचंही आधी एकं, मग दहं. आपल्यासारखंच. इतक्या दिवसांत या भाषेतली पहिली गोष्ट आवडली.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडली. रविवारी इथे मोठ्याने बोलायचं नसतं. अरुंधतीने हात हलवून काहीतरी सांगितलं. बाई हसल्या आणि खिडकीतच उभ्या राहिल्या, बघत!

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, सासरे माझे शिंपी आहेत, पण लाजतात."

नवीन रेघ मारली, बसलेल्या मापाची. ढालींचे खिसे उसवून खाली घेतले. अस्तराला सुई न लावता फक्त वरचंच कापड धरून शिवलं. सुईच्या जुन्या भोकांवर तिने आणलेली चिकटपट्टी आतून लावली.

दुपारी सत्यजितचा फोन. रविवारचा असतो. त्याला सांगितलं, तुझी पँट अरुंधतीसाठी दुमडतोय. दुमडतोय म्हटलं मी, नीट ऐकावं म्हणून.

"बरं बाबा, तुमचा वेळ जातोय ना?"

वेळ जातोय!

१५ मे

काल अरुंधती पडली.

सिग्नलला थांबताना पाय खाली टेकायला गेली आणि दुमडीचा जाड काठ पायटेकणीत अडकला. मोटरसायकलसकट आडवी. वेग नव्हता म्हणून बरं. मागच्या गाडीतला माणूस उतरला, त्याने उचललं. तळहात सोलवटलाय, मनगट सुजलंय.

सगळं तिने हळद लावता लावता सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. वर म्हणते, "ढाल बरोबर गुडघ्यावर होती हं बाबा. माप अगदी बरोबर होतं तुमचं."

माप बरोबर होतं. मग चुकलं काय, ते ती बोलली नाही. ते अन्वी बोलली. जेवताना, ताटातून मान वर न करता, "आजोबा, श्नाइड्स डोख आप."

अर्थ विचारायची गरज नव्हती. बोटांची कात्री करून दाखवली तिने. कापून टाका की.

मी म्हटलं, घट्ट शिवतो आता, अडकणार नाही. अरुंधतीने माझ्याकडे बघितलं आणि भाजी वाढली.

१६ मे

दुमड घट्ट शिवली. दुहेरी टाके. पाय आता खाली दगडासारखे जड.

तिच्या जागी माझी मुलगी असती तर? मग कापली असती का? हा प्रश्न मनोरमा विचारेल असा आहे.

२० मे, मंगळवार

सत्यजित येतोय!!

मंगळवारी फोन आला तेव्हाच वाटलं, काहीतरी वेगळं आहे. "बाबा, रविवारी येतो. तुमच्याशी बोलायचंय." आणि मग जरा थांबून — "माझं सामान जिथल्या तिथं आहे ना?"

आहे रे बाबा, आहे! सगळं आहे! तुझं ताट आहे, तुझी खुर्ची आहे, कपाटात तुझा स्वेटर आहे, मी हात लावू दिला नाही कुणाला!

घर सोडून गेलेला माणूस सामानाची चौकशी कधी करतो? परतायचं असतं तेव्हाच ना?

म्हणतच होतो मी. कापू नका. कापलं की संपलं.

२१ मे

ती ऑफिसला ट्रामने गेली, मनगट दुखतंय म्हणून. पँट घरीच. दुपारी बसलो आणि सगळं उसवलं. पाय, चुण्या, खिसे. दुहेरी टाके उसवायला वेळ लागला, पण हात कसे पिसासारखे चालले! ढाली जुन्या जागी. वरून ओलं फडकं ठेवून हलकी इस्त्री फिरवली. दुमडींच्या रेघा जात नाहीत. एकीखाली एक. असू देत. हाफपँटीवरही असायच्या.

बाथरूममध्ये टांगली आहे. पूर्ण लांबीची. लांबून बघितलं तर त्याचेच पाय वाटतात.

२२ मे

तिने पाहिली.

"उसवलीत?"

"हो."

"बरं."

एवढंच! मी समजावून सांगणार होतो, सगळी वाक्यं जुळवली होती.

रात्रीची भांडी आवरून झाल्यावर ती आपणहून माझ्या खोलीच्या दाराशी आली. "बाबा, तो कशासाठी येतोय ते मला नाही माहीत. पण माझ्यासाठी येत नाहीये, एवढं माहीत आहे. तुम्ही त्याची वाट बघा. तुमचा मुलगा आहे, तुमचा हक्क आहे. मी बघत नाही. मला सोमवारी ऑफिसला जायचं असतं."

आणि जाताना — "पण अन्वीला काही सांगू नका. तिने खिडकीत बसायला सुरुवात केली की मला बघवत नाही."

दुखावून बोलली असती तर भांडलो असतो.

२३ मे, शुक्रवार

सकाळपासून धो धो. मनगट बरं आहे म्हणून मोटरसायकलने गेली. जीन्स घालून. पँट बाथरूममध्ये कोरडी ठणठणीत.

खिडकीतून पाहिलं मी. अंगणात ताडपत्री काढली, झटकली, घडी घातली. वर पाहिलं नाही.

संध्याकाळी आली ती थरथरत. ओठ निळसर. जीन्स अंगाला चिकटलेली, सोलताही येईना. अन्वीने टब भरला, गरम पाण्यात आईचे पाय ठेवले. मी आल्याचा चहा केला. दोन्ही हातांनी कप धरून प्यायली. म्हणाली, "साखर थोडी जास्त झाली."

बाथरूममधून येताना ती पँट हाताने बाजूला सारूनच आली असेल. दुसरी वाटच नाही तिथे.

मी खोलीत येऊन बसलो. पाऊस पाहिला की मला कविता आठवतात, आयुष्यभर. आज एकही नाही. पाऊस म्हणजे नुसतं पाणी. एखाद्याच्या पायांत जाणारं.

२५ मे, रविवार, सकाळ

तरीही शिरा केला! वेलची घालून, त्याला आवडतो तसा. मी सांगितलं नव्हतं तरी अन्वीला कळलंच. निळा फ्रॉक घालून खिडकीत बसली आहे. अरुंधती स्वयंपाकघरातून तिच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे.

अजून वेळ आहे. दुसरी ओळ जुळते का बघतो.

२५ मे, संध्याकाळ

आला. बूट काढले नाहीत. अन्वीला दारातच जवळ घेतलं, दारातच सोडलं. खाली रस्त्यावर दोन मोठ्या मोटरसायकली, एकीवर हेल्मेट घालून ती कंपनीतली बसलेली. आल्प्सला चाललेत. बोलायचं होतं ते एवढंच — "बाबा, माझी पावसाची पँट वर आहे का केलरमध्ये?"

म्हटलं, ती आता तुझ्या मापाची राहिली नाही.

तो गेल्यावर बाथरूममधून पँट काढली. बसलेल्या मापाची खडूची रेघ अजून दिसत होती. अरुंधतीकडे कात्री मागितली. तिने दिली. दोन्ही पाय कापले. उद्या पाऊस आहे.